जाहिरात लावण्याआधी फोन लावा

नवीन क्लायंटने 'आमची जाहिरात करा' म्हटलं की मी आधी त्याच्याच नंबरवर फोन लावते. तोही माझ्या दुसऱ्या सिमवरून. गूगलवर त्याचा जो नंबर दिसतो, त्यावरच. किती वेळ रिंग वाजते, कोण उचलतं, भाव विचारला की पलीकडून काय उत्तर येतं, सगळं वहीत टिपून ठेवते. ही अक्कल ठेच लागून आली. पहिल्याच वर्षी एका क्लायंटसाठी महिनाभर मान मोडून जाहिराती चालवल्या. चौकशा ढिगाने आल्या, विक्री शून्य, आणि खापर माझ्या डोक्यावर. मग कळलं की फॉर्म भरणाऱ्यांना फोन करायचं काम ज्याच्याकडे होतं, तो ते शनिवारी एकदम उरकायचा. सोमवारी चौकशी केलेला माणूस शनिवारपर्यंत कशाला थांबेल?

तेव्हा तुम्हाला दुसऱ्यांच्या जाहिराती सांभाळायचा हा धंदा सुरू करायचा असेल तर स्वतःचा लोगो, वेबसाइट वगैरे राहू दे. ओळखीच्या दोन-तीन व्यावसायिकांना एकच विचारा: तुमची शेवटची १० गिऱ्हाइकं आली कुठून? बहुतेकांना सांगता येत नाही. बिलबुक समोर ठेवून एकेक नाव आठवायला लावा. दहातली सात जर जुन्या गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून आली असतील, तर त्या माणसाला रोजच्या पोस्टची गरजच नाही. जुन्या गिऱ्हाइकांची नीट यादी आणि त्यांना महिन्यातून एखादा मेसेज, एवढ्यावर भागतं. हे खरं सांगितलं की काम लहान मिळतं, पण तोच क्लायंट वर्षभराने स्वतःहून परत येतो.

सगळंच करतो म्हणू नका. मी म्हणत होते. एकदा पत्रकाची फाइल आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतच, छपाईला पाठवली. स्क्रीनवरचा पोपटी रंग कागदावर शेवाळी होऊन आला, कारण छपाई सीएमवायकेच्या चार शाईंत होते आणि तो रंग त्यांत बसत नाही. फेरछपाईचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून छपाईचं काम त्यातल्या जाणकाराकडे.

आता पैशाचं. जाहिरातीचा खर्च स्वतःच्या कार्डावरून कधीही करू नका, क्लायंट सख्खा मित्र असला तरी. 'बिलात जोडून दे' म्हणणाऱ्याने मला तीन महिने लटकवलं होतं. जाहिरातीचं खातं क्लायंटच्या नावावर, कार्ड त्याचं, तुम्हाला फक्त अ‍ॅक्सेस. गूगल आणि मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी) दोन्हीकडे पासवर्ड न घेता अ‍ॅक्सेस मिळतो. तुमची फी वेगळी, निम्मी आधी. कोटेशनमध्ये करेक्शनच्या फेऱ्या आकड्यात लिहा. मी दोन लिहिते. तिसरीला पैसे लागतात हे कळल्यावर लोक पहिल्याच फेरीत नीट वाचतात.

छोटं बजेट पाच जाहिरात संचांत (अ‍ॅड सेट, म्हणजे एकत्र चालणाऱ्या जाहिरातींचे गट) वाटणं ही नवख्यांची नेहमीची चूक. जाहिरात कोणाला दाखवायची हे शिकून मेटाची यंत्रणा स्थिरावायला एका संचाला आठवड्यात साधारण ५० परिणाम (चौकशी, विक्री, जे मागितलं असेल ते) लागतात. पाच ठिकाणी वाटलंत तर एकही तिथपर्यंत पोचत नाही. एकच संच ठेवा, आणि रोज उठून त्यात हात घालू नका, मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. क्लायंटचा रात्री ११ ला मेसेज येईल, 'फोटो बदलूया का?' सकाळी उत्तर द्या.

प्रत्येक लिंकला यूटीएम जोडा, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकच्या शेवटची खूण. (यातला 'यू' म्हणजे अर्चिन, गूगलने २००५ मध्ये विकत घेतलेली कंपनी. तिचं नाव त्या लिंकांत अजून जिवंत आहे.) त्याने निदान कळतं की वेबसाइटवर माणूस पोस्टवरून आला की ईमेलवरून. फोनवरून येणाऱ्यांना मात्र तोंडानेच विचारावं लागतं, आणि ते विचारायची सवय क्लायंटच्या माणसांना लावणं हे जाहिरातीपेक्षा कठीण काम आहे.

महिन्याचा रिपोर्ट मी एका पानाचाच देते. लाइक्स सगळ्यात खाली. पहिली ओळ: चौकशा किती आल्या. दुसरी: त्यांतल्या कितींना त्याच दिवशी फोन गेला. ही दुसरी ओळ क्लायंटने भरायची असते. ती कोरी आली तर पुढच्या महिन्याचं बजेट मी वाढवू देत नाही.