कॉम्प्युटरचा पोळा कसा करावा

आमच्या आर्वी तालुक्यात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. कोमट पाण्याने खांदा धुवायचा, हळद-लोणी चोळायचं आणि कानाशी जाऊन सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' काही वर्षांपूर्वी हे चालू असताना आई ओसरीवर बसली होती. आतल्या टेबलाकडे बघून ती म्हणाली, "हे बी तं सालभर राबते. याचा पोळा काऊन नाही?"

तेव्हापासून आमच्याकडे कॉम्प्युटरचाही पोळा होतो. वेळ अगदी योग्य असते. उन्हाळ्याचा फुफाटा मशीनच्या पोटात साचलेला असतो, पावसाळी दमट हवेने तो चिकटून बसलेला असतो आणि कापसाचा नवा वेचा घरात यायला अजून महिना-दोन महिने असतात. कापसाचं मुद्दाम सांगतो. सीतादही, म्हणजे पहिल्या वेच्याआधीची शेतातली पूजा, झाली की कापूस घरात येतो आणि भाव मिळेपर्यंत पुढच्या खोलीत त्याची गंजी लागते. त्याच खोलीत कॉम्प्युटर असेल तर त्याचा पंखा वर्षभर रुई ओढत राहतो. एका साली आमचं मशीन सुरू केल्यावर दहा मिनिटांत आपोआप बंद व्हायला लागलं. तालुक्याच्या एका दुकानात सांगितलं की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिथे जोडतात तो मुख्य बोर्ड, गेला, नवीन घ्या. घरी आणून उघडलं तर प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप, आणि तिच्यावरचा उष्णता काढणारा धातूचा हीटसिंक, त्याच्या पात्यांमध्ये उशीसारखी रुई बसलेली. ती काढली आणि ते मशीन आजही चालतं.

आदल्या संध्याकाळी: आवतन

उघडण्याआधी आतलं धन बाहेर काढून ठेवा. जगभरचे कॉम्प्युटरवाले यासाठी तीन-दोन-एक असा नियम सांगतात: महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घरचं बियाणं जपणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. सगळं बियाणं एकाच कणगीत कोणी ठेवत नाही, थोडं बहिणीच्या घरीही असतं. आमची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी पेन ड्राइव्हवर, मामाच्या गावी.

काय जपायचं, हेही ठरवून घ्या. सातबारा पुन्हा काढता येतो. आजोबांचा बैलबंडीवरचा फोटो पुन्हा काढता येत नाही. आधी फोटो, मग मुलांनी लिहिलेलं, मग शेतीच्या हिशेबाच्या फाइली. सिनेमे राहिले तरी चालतील. प्रत झाल्यावर त्यातल्या चार-पाच फाइली उघडून बघा, कारण न उघडणारी प्रत काही कामाची नाही.

सकाळी: आंघोळ

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मशीनलाही त्या दिवशी काम सांगू नका.

बंद करा, प्लग काढा, मॉनिटरपासून माउसपर्यंत सगळ्या वायरी सोडवा. वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलने फोटो घ्या, जोडताना उपयोगी पडतो. आता पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे बोर्डावर उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेट अंगणात, सावलीत घ्या. घरात झटकली तर धूळ पुन्हा तिथेच बसेल. बाजूचं झाकण काढलं की आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगातली स्थिर वीज तिथे उतरते आणि नाजूक चिपांना धक्का बसत नाही.

धुळीसाठी एक इंची नवा, कोरडा रंगाचा ब्रश घ्या. वरून खाली झाडत या. हवेसाठी रबरी फुगा असलेला हाताचा ब्लोअर उत्तम. सायकलचा पंपही चालतो, पण आधी चार-पाच वेळा हवेत मारा, नळीतला ओलावा बाहेर पडेल. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका, त्याचा दाब जास्त आणि हवेत पाणी. चुलीच्या फुंकणीने तर नाहीच, तोंडच्या हवेतला ओलावा बोर्डावर बसतो. हवा मारताना पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा. जोराच्या हवेने पंखा भणभणला की त्याचं बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरता पंखा उलटी वीज तयार करू शकतो.

वीज येते त्या पत्र्याच्या डब्याला, म्हणजे एसएमपीएसला, बाहेरूनच ब्रश मारा. तो कधीही खोलू नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर बराच वेळ वीज धरून ठेवतात आणि ती जिवावर बेतू शकते. या एका बाबतीत मी घरात कोणाचंही ऐकत नाही.

रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीच्या, पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून काढा. सोनेरी कडेवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा नीट झटका आणि पट्टी 'खट्' आवाज येईपर्यंत बसवा. मशीन सुरू होताना नुसते बीप वाजत असतील आणि पडद्यावर काही येत नसेल, तर पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

मागच्या पट्टीला कार्डांच्या रिकाम्या खाचा उघड्या असतील तर बारीक जाळी लावून बंद करा. तिथूनच पाल आत शिरते आणि उंदरालाही तीच वाट.

लॅपटॉप असेल तर खालचं झाकण तेव्हाच काढा, जेव्हा आधी कोणाला काढताना बघितलं असेल आणि आत गेल्यावर बॅटरीची पिन सोडवता येत असेल. नाहीतर जाळ्यांवर ब्रश आणि ब्लोअर पुरे.

खांदेमळणी

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मध्ये थर्मल पेस्टचा थर असतो. दोन्ही धातूंमधली बारीक फट भरून उष्णता वर पोचवणं हे त्याचं काम. काही वर्षांत तो वाळून खडूसारखा होतो. ही पेस्ट बदलणं मला सगळ्या पोळ्यात सर्वांत आवडतं, कारण खांद्याला लोणी लावण्याशी त्याचं खरंखुरं नातं आहे: ओझं जिथे टेकतं, तिथेच मलम.

पाच मिनिटं मशीन चालवून बंद केल्यावर हे काम घ्या, पेस्ट जरा मऊ असते. प्लग अर्थातच पुन्हा काढायचा. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरवरच्या साध्या पंख्याला चार खुंट्या असतात आणि त्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढल्या की सुटतात. हीटसिंक सरळ वर उपटू नका. डावी-उजवीकडे थोडा घुमवून सोडवा, नाहीतर एएमडी कंपनीच्या काही मशीनमध्ये प्रोसेसरच त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी ठेवा आणि हीटसिंक दाबून बसवा. बोटाने पसरवायची गरज नाही, दाबाने ती आपोआप पसरते. जास्त घातली तर कडेने ओघळते.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. पंखा खोलीतली हवाच फिरवतो, म्हणून हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कितीही चांगली पेस्ट असली तरी दुपारी मशीन तापणारच. जड काम सकाळी करा किंवा रात्री, आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. कूलर थेट त्याच्या तोंडावर नको, ओली हवा आत जाते.

बाकीची छोटी कामं

बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, नाव सीआर 2032, तीन व्होल्टचा. मशीन दरवेळी जुनी तारीख दाखवत असेल तर तो संपला आहे. तारीख चुकली की वेबसाइटी सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करून उघडत नाहीत आणि लोक उगाच नेटला दोष देतात. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती कोरडी होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओता. तिसरी पिनच नसेल तर वायरमनला बोलवा, ते काम अंदाजाने करू नये.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. पोळ्याला तिची परीक्षा घ्या: मशीन चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढा आणि मिनिटं मोजा. पाच मिनिटांच्या आत मान टाकली तर बॅटरी बदला. लाइन गेल्यावर फाइल जतन करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळालाच पाहिजे. कडकडाट सुरू झाला की मात्र यूपीएसवर विसंबू नका. प्लग काढा आणि राउटरची वायरही काढा.

विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. मशीनला नवं विंडोज पेलत नसेल तर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकून बघा, फुकट आहे आणि त्यात मराठी लिहिता येतं. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर म्हातारं मशीनही टणक चालतं.

वही

एक शंभर पानी वही मशीनजवळ ठेवा. काय बदललं, कधी बदललं, काय बिघडलं, सगळं तारखेसह लिहा. ही सवय फार थोर घराण्यातली आहे. 9 सप्टेंबर 1947 ला अमेरिकेतल्या हार्वर्डच्या मार्क टू या कॉम्प्युटरच्या एका रिलेत, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचात, पतंग (पाखरू) अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने वहीत चिकटवला आणि खाली नोंद केली की खरोखरचा 'बग' सापडल्याची ही पहिलीच घटना. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची रीत त्याच्याही आधीची, पण त्या दिवशी शब्दाला पंख दिसले. ते पान आजही तिथल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरं जमतात, तेव्हा आमच्या घरात या पतंगाची आठवण निघतेच.

नाव, झूल आणि झडती

बैलाला नाव असतं, मशीनलाही हवं. ऑगस्ट 1990 मध्ये डॉन लिब्स यांनी कॉम्प्युटरचं नाव कसं निवडावं यावर एक रीतसर टिपण लिहिलं, आरएफसी 1178 या क्रमांकाचं. इंटरनेटचे नियम ज्या मालिकेत छापले जातात त्याच मालिकेत ते आहे. त्यातला सल्ला आपल्या गोठ्यालाही पटणारा: स्वतःचं नाव देऊ नका, मशीनच्या कामावरून नाव ठेवू नका, लांबलचक नको, आणि सगळी नावं एका कुळातली ठेवा. आमच्या पांढऱ्या कॅबिनेटचं नाव ढवळ्या, लॅपटॉप पवळ्या, आणि जागचा न हलणारा यूपीएस नंदी. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट असं गेलं की नाव बदलता येतं. नाव रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहा.

झूल आईच्या जुन्या लुगड्याची शिवली आहे. मशीन बंद असतानाच घालायची, चालू असताना घातली तर गुदमरेल. पॉवरच्या बटणाला हळदीकुंकवाचं बोट लावा, पण फक्त बाहेरून. मग पोळ्याच्या तोरणाखाली म्हणतात तशी एक झडती, म्हणजे यमकाचं गाणं. यंदाची आमची:

पंख्यात रुई, पोटात धूळ,
ढवळ्याले घाला लाल झूल;
उंदरानं कुरतडली वायर एक,
माउस म्हणे, मी त्याचा लेक;
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

दुसऱ्या दिवशी: तान्हा पोळा

हा दिवस पोरांचा. ती लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे बक्षिसी, घेऊन परततात. त्याआधी त्यांच्याकडून कीबोर्ड आणि माउस साफ करून घ्या. कीबोर्ड उलटा करून झटका, मुरमुरे पडतील. कळांच्या मधून कोरडा ब्रश फिरवा. माउसचं भिंग कापसाच्या काडीने पुसा, कापूस घरचाच. पोरांना हेही सांगा की डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत 1964 मध्ये बनलेला पहिला माउस लाकडी होता, खाली दोन चाकं असलेला. माझ्या पुतणीने हे ऐकल्यावर आपला चाकांवरचा बैल टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डावी-उजवीकडे फिरवून बघितला.

संध्याकाळी सगळ्या वायरी फोटो बघून जोडा, झूल काढा आणि मशीन सुरू करा. अर्धा तास काही न करता चालू द्या, मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरचं तापमान बघा. खूप जुनी पेस्ट बदलली असेल तर आकडा चांगलाच खाली आलेला दिसतो. वहीत तारीख घालून लिहा. आमच्या वहीत पोळ्याआधीच्या ओळीत 58 आहे आणि तिच्या खाली पुतणीच्या अक्षरात, 'ढवळ्या, 44'.