कीर्तन, पोवाडा, लावणी, व्याख्यान… हेडसेट माइक घेताना काय काय बघायचं

सप्ताह असो, गणपतीतला कार्यक्रम असो की शाळेचं गॅदरिंग, कानाला अडकवायचा माइक आता सगळीकडे दिसतो. घेताना मात्र बहुतेक जण तो बारीक दिसतो का, वायरलेस आहे का आणि केवढ्याला आहे एवढंच बघतात, आणि मग ऐन कार्यक्रमात शिट्टी, खरखर, नाहीतर मधेच आवाज गायब. यातला बराचसा त्रास दुकानातच टाळता येतो. माझं म्हणणं एकच आहे, माइक आधी बघू नका, आधी तो कोणाच्या चेहऱ्यावर बसणार आणि त्या माणसाच्या आजूबाजूला काय वाजणार ते बघा.

पहिलं, हेडसेट लागतोच का ते ठरवा

हेडसेटचा मोठा फायदा म्हणजे तोंड आणि माइक यातलं अंतर बदलत नाही. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. कॉलर माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर असतो आणि हेडसेटचं टोक अडीच सेंटिमीटरवर, म्हणजे तीनदा दुप्पट, कागदावर १८ डेसिबलचा फरक. हा फरक फार मोठा आहे. साउंडवाल्याला गेन (माइकचा आवाज मिक्सरवर किती वाढवायचा ते) तेवढा कमी ठेवता येतो, त्यामुळे शिट्टी वाजायची शक्यताही तेवढीच कमी होते. मान वळवली तरी आवाज हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात ते वेगळंच. नारदीय कीर्तनकारांच्या हातात चिपळ्या असतात, शाहिरांच्या हातात डफ, त्यांना हातातला माइक चालणारच नाही. १९७९ च्या दौऱ्यात केट बुश या इंग्लिश गायिकेला नाचता नाचता गाता यावं म्हणून तिच्या साउंड इंजिनिअरने कपड्यांच्या तारेच्या हँगरपासून असा माइक बनवून दिला होता, गरज हीच होती.

पण पोडियमसमोर उभं राहून कागद बघत बोलणार असाल तर पोडियमवरचा लवचिक मानेचा माइक पुरतो, उगाच खर्च करू नका. आणि जे गायक तान घेताना माइक लांब नेतात, हळू ओळीला ओठाशी आणतात, त्यांनी हातातलाच माइक ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हेडसेटवर हे अंतर त्यांच्या हातात राहत नाही, सगळं काम साउंडवाल्याच्या कॉम्प्रेसरवर (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्रावर) जातं.

दुसरं, चेहऱ्यावर आणि अंगावर काय काय आहे ते बघा

हे कोणी विचारतच नाही आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. लावणी, भारूड किंवा कुठलाही पारंपरिक वेश असेल तर नथ असते, आणि नथ डाव्या नाकपुडीत असते, म्हणून माइकची दांडी उजव्या गालावर हवी, नाहीतर प्रत्येक हालचालीला नथीचे मोती दांडीवर टकटक वाजणार. काही हेडसेटमध्ये दांडी कुठल्याही बाजूला लावता येते, काहींमध्ये ती एकाच बाजूला पक्की असते, हे घेतानाच विचारा. झुमके, बुगड्या, वेल हे कानाच्या हुकात अडकतात, त्यामुळे दागिने घालून एकदा लावून बघायलाच हवं.

फेटा किंवा पागोटं असेल तर डोक्यावरून जाणारा पट्टा कामाचा नाही, मानेमागून जाणारा हवा. आधी हेडसेट आणि मग फेटा, हा क्रम. फेट्याची कड कानावर येत असेल तर हुक कानाला दाबतो आणि दोन तासांच्या कीर्तनात कान दुखायला लागतो, म्हणून घरी फेटा बांधून निदान अर्धा तास लावून ठेवा. चष्मा असेल तर चष्म्याची काडी आणि हुक एकाच जागी येतात, तेव्हा हुक जितका बारीक तितकं बरं. दाढी-मिशी भरघोस असेल तर टोक केसांना घासून खसखस येते, अशांना दांडी हवी तशी वाकवता येणारी घ्या म्हणजे टोक केसांपासून थोडं उचलून ठेवता येतं.

कीर्तनात हार घातला जातो, बुक्का लावतात, गळाभेट होते, खांद्यावर उपरणं असतं. कॉलर माइकवर हे सगळं धडाधड आदळतं, हेडसेट या भानगडीतून सुटतो. मात्र हेडसेटची वायर मानेमागून पाठीवर उतरवून तिथे क्लिप लावा, पुढून सोडली तर ती हारात गुंतणारच.

एका कानाचा की दोन कानांचा? बसून किंवा शांत उभं राहून बोलणाऱ्याला एका कानाचा चालतो, हलका असतो आणि कमी दिसतो. नाचणाऱ्याने, पोवाडा म्हणणाऱ्याने, मुलांमधे फिरत शिकवणाऱ्याने दोन कानांचाच घ्यावा, यात तडजोड नको. रंगाचं पण बघा, बाजारात "स्किन कलर" म्हणून जो फिकट बेज मिळतो तो आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गालावर लांबून पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, ब्राउन मिळत असेल तर तो मागा.

तिसरं, ओम्नी की कार्डिऑइड

ओम्नी चारी बाजूंचा आवाज घेतो, कार्डिऑइड मुख्यतः एका बाजूचा. ऐकायला कार्डिऑइडच बरा वाटतो पण तसं सरसकट नाही. ओम्नीचं टोक थोडं सरकलं तरी आवाजाचा पोत फारसा बदलत नाही, श्वासाचे आणि प-फ चे फटके कमी बसतात, आवाज नैसर्गिक येतो. कार्डिऑइड तोंडाच्या फार जवळ गेला की आवाज जाड होतो, जरा सरकला की पातळ होतो, म्हणजे तो नीट लावणारं माणूस लागतं. त्याच्या बदल्यात शिट्टी वाजायच्या आधी थोडा जास्त आवाज देता येतो.

इथे कीर्तनवाल्यांसाठी एक खास गोष्ट. कार्डिऑइडचं तोंड बोलणाऱ्याच्या ओठांकडे असतं, म्हणजे त्याची पाठ बाहेरच्या बाजूला. त्यामुळे त्या बाजूला ठेवलेल्या मॉनिटरचा (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरचा) आवाज तो कमी धरतो. पण टाळकरी तर मागे उभे असतात, आणि टाळाचा आवाज तीक्ष्ण असतो, तो कार्डिऑइड पूर्ण अडवेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे उपाय साधा आहे, टाळकऱ्यांची रांग दोन पावलं मागे घ्या, टोक तोंडाच्या कोपऱ्याजवळ नीट ठेवा म्हणजे गेन कमी लागेल, आणि कीर्तनकारांसमोरचा मॉनिटर गरजेपुरताच वाढवा.

ढोबळ हिशोब असा, की व्याख्यान, नाटक, निवेदन आणि स्पीकर व्यवस्थित लांब असतील तर ओम्नी. छोटा मंडप, स्पीकर डोक्यावर, मॉनिटर पायाशी, बँड किंवा ढोलकी बाजूला असेल तर कार्डिऑइड. शुअर कंपनीचा एसएम३५ कार्डिऑइड आहे, सेनहायझरचा एचएसपी २ ओम्नी आणि एचएसपी ४ कार्डिऑइड, डीपीएचा ४०६६ ओम्नी आणि ४०८८ एकदिशा. यातले डीपीए वगैरे मोठ्या नाटक कंपन्यांचे, खूप महाग, गावच्या मंडळाला त्याची गरज नाही. शुअरचा डब्ल्यूएच२० डायनॅमिक प्रकारचा (म्हणजे चालायला बाहेरून व्होल्टेज न लागणारा) आहे, जरा मोठा दिसतो पण दणकट, व्यायामाचे क्लास घेणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

चौथं, पिन जुळते का

माझ्या मते घाईत सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. माइक एका कंपनीचा, कमरेचा ट्रान्समीटर (आवाज वायरशिवाय पाठवणारी डबी) दुसऱ्या कंपनीचा आणि घरी आल्यावर पिन बसत नाही. शुअरला चार पिनांचा मिनी एक्सएलआर (छोटा गोल प्लग) लागतो, एकेजी आणि सॅमसनला तीन पिनांचा, सेनहायझरच्या ईडब्ल्यू सेटला ३.५ एमएमचा स्क्रूने आवळायचा जॅक. बरं, पिन दिसायला सारखी आणि बसली तरी आतलं वायरिंग वेगळं असू शकतं, मग आवाजच येत नाही किंवा अगदी बारीक येतो. म्हणून दुकानात जाताना स्वतःचा ट्रान्समीटर बरोबर घेऊन जा आणि तिथेच लावून ऐका. ऑनलाइन मागवत असाल तर ट्रान्समीटरचं पूर्ण मॉडेल नाव लिहून विचारा, "शुअरला चालेल का" एवढं पुरेसं नाही.

बहुतेक हेडसेट कंडेन्सर असतात, त्यांना चालायला थोडं व्होल्टेज लागतं आणि ते ट्रान्समीटर देतो, साधारण ५ व्होल्टच्या आसपास. वायरने थेट मिक्सरला जोडायचा असेल तर मिक्सरचा फँटम (माइकला वायरीतूनच मिळणारी वीज) ४८ व्होल्टचा असतो, तो डायरेक्ट द्यायचा नाही, मधे त्या कंपनीचा ॲडॉप्टर लागतो. शिक्षक कमरेला जो छोटा स्पीकर लावतात त्याचा माइक ३.५ एमएमचा असला तरी तो मोबाइलला चालेलच असं नाही, मोबाइलची पिन तीन रेघांची असते आणि जोडणी वेगळी.

आणि मोबाइलचा ब्लूटूथ हेडसेट स्टेजवर वापरू नका. आवाज उशिरा पोचतो, बोलणाऱ्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतं आणि जीभ अडखळते.

पाचवं, वायरलेस सेट

२.४ गिगाहर्ट्झवाले सेट लावायला सोपे असतात, पण त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथ चालतं. पन्नास जणांच्या वर्गात छान, हजार माणसं खिशात मोबाइल घेऊन बसलेल्या मंडपात भरवसा कमी. मोठ्या कार्यक्रमाला फ्रिक्वेन्सी बदलता येणारा यूएचएफ सेट (म्हणजे वायफायच्या पट्ट्याबाहेरचा) घ्या, एकाच फ्रिक्वेन्सीचा नको, कारण शेजारच्या मंडळाकडे तोच सेट असला की दोघांचाही कार्यक्रम बिघडतो. जुना सेट घेताना मागची फ्रिक्वेन्सी लिहिलेली पट्टी वाचा. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोबाइलसाठी आहेत आणि २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम विकला गेलाय, त्यामुळे त्या भागातला सेट कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. दोन अँटेनांचा रिसीव्हर (ट्रान्समीटरचा सिग्नल पकडणारी पेटी) असेल तर मधेच आवाज तुटणं कमी होतं. रिसीव्हर लोखंडी रॅकच्या मागे किंवा जमिनीवर ठेवू नका, स्टेजजवळ, उंचावर, ट्रान्समीटर दिसेल असा ठेवा. माणसाचं शरीर सिग्नल खातं, म्हणून ट्रान्समीटर कमरेच्या त्याच बाजूला लावा ज्या बाजूला रिसीव्हर आहे.

सहावं, घेण्याआधी ऐकून बघा

"हॅलो हॅलो चेक" ने काही कळत नाही. मोठ्याने "पुंडलिकवरदा हरि विठ्ठल" म्हणा, पहिल्याच प ला फटका बसतो का ते कळतं. मग "श्री ज्ञानदेव तुकाराम" म्हणा, श्री चा श टोचतो का बघा, स्वस्त हेडसेटमध्ये वरचे सूर फुगवलेले असतात आणि स, श, छ सुईसारखे लागतात. मग कार्यक्रमातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीने म्हणा. पोवाड्याच्या वरच्या पट्टीत माइक फाटत असेल तर तो दुकानातच ठेवून या, नंतर कुठल्याही मिक्सरने ते दुरुस्त होत नाही. शेवटी माइक चालू ठेवून मान झटका, उड्या मारा, वायर पिनपाशी हलवून बघा. वायर सगळ्यात आधी पिनपाशीच तुटते, म्हणून वायर वेगळी काढून बदलता येणारा माइक थोडा महाग पडला तरी घ्यावा.

लावायचा कसा

टोक ओठांसमोर नको, तोंडाच्या कोपऱ्याच्या जरा मागे, गालापासून बोटभर नव्हे, अगदी जरासं सुटं. श्वास सोडताना टोकाला हवा लागत असेल तर अजून मागे घ्या. घामाने हुक सरकतो, म्हणून कानाच्या पुढे आणि मानेवर मेडिकलमध्ये मिळणारी पारदर्शक चिकटपट्टी लावा, आधी त्वचा कोरडी पुसून. फोमची टोपी मंडपात वारा असेल तर घालाच. मिक्सरवर लो-कट (खालचे जाड आवाज कापणारं बटण) १०० हर्ट्झच्या आसपास चालू करा, स्टेजवरची धडधड आणि हाताळण्याचा आवाज जातो, बोलण्याचं काही बिघडत नाही.

घाम हा हेडसेटचा खरा शत्रू. घामाचा थेंब दांडीवरून ओघळत टोकाच्या जाळीवर बसला की आवाज एकदम दबतो, बुडाल्यासारखा येतो. अशा वेळी गेन वाढवत बसू नका, टिशूने टोक टिपा, फुंकर मारू नका. मेकअप आधी आणि माइक नंतर, म्हणजे पावडर जाळीत जात नाही. ट्रान्समीटर घामट पाठीवर असेल तर छोट्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून लावा. कार्यक्रम झाला की फोम काढून वेगळा वाळवा, वायर सैल गुंडाळा, ट्रान्समीटरला करकचून गुंडाळू नका, आणि डब्यात बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. सेल काढून ठेवायचे. पुढच्या कार्यक्रमाला नवीन किंवा पूर्ण चार्ज केलेले सेल, आणि स्टेजच्या कडेला स्टँडवर एक साधा वायरचा माइक चालू स्थितीत, म्हणजे हेडसेट मधेच बंद पडला तर बुवांना थांबावं न लागता दोन पावलांवर आवाज तयार असतो.