मिनी एक्झोराचा पिवळेपणा कसा गेला

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्याला लागून हातभर रुंदीची पट्टी आहे. तिथे मिनी एक्झोरा हे बुटकं फुलझुडूप लावलं, कारण ते दोन-तीन फुटांवर जात नाही. पण त्याची पालवी पिवळी यायला लागली, शिरा मात्र हिरव्यागार. सगळे म्हणाले, शेणखत घाला. घातलं, फरक शून्य.

खरी मेख कोवळ्या पानांत आणि हिरव्या शिरांमध्येच होती. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर कोवळी, कारण झाडाला जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे नेता येत नाही. पुण्याची काळी माती चुनखडीची, त्यात बोअरचं जड, क्षारयुक्त पाणी. अशा विम्लधर्मी (अल्कलाइन) मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि एक्झोराला तर आम्लधर्मी मातीच हवी.

हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकणं इथे जवळजवळ वाया जातं. लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूफूल, अशी संध्याकाळी पानांवर फवारणी केली. मुळाशी चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न पडता मुळांना मिळेल असं बांधलेलं लोह दिलं. पाकिटावर ईडीडीएचए हा चिलेटचा प्रकार बघून घ्या; स्वस्तातलं ईडीटीए आपल्या मातीत टिकत नाही. वरची माती काढून लाल माती आणि पानांचं खत भरलं.

जुनी पिवळी पानं सुधारली नाहीत, पण नवी हिरवी आली. फुलं फांदीच्या टोकाला येतात, म्हणून बहर ओसरला की लगेच शेंडे खुडतो. पाणी शक्यतो नळाचंच.