रवाळ तुपावरून खडक वाचायला कसे शिकावे

कढवलेलं तूप ओट्यावर सावकाश निवलं की छान रवाळ होतं. गरम असतानाच फ्रीजमध्ये ठेवलं की गुळगुळीत थिजतं. सह्याद्रीचा काळा कातळ वाचायला मला याहून चांगली किल्ली सापडलेली नाही.

आधी हे घरी करून बघा. दोन वाट्या साजूक तूप पूर्ण पातळ होईपर्यंत तापवा. एकही कण उरता कामा नये. उरलेल्या कणाभोवतीच नवा रवा धरतो आणि तुलना फसते. एक वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवा. दुसरी झाकून कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, पातेल्याभोवती जाड टॉवेल गुंडाळा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी दोन्हींतलं चिमूटभर तूप बोटांत चोळा.

असं का होतं? निवताना स्फटिक जन्मतात आणि जन्मलेले वाढतात. झटकन गार झालं तर असंख्य ठिकाणी एकदमच सुरुवात होते आणि कुणालाच वाढायला सवड मिळत नाही. सावकाश निवलं तर मोजकेच स्फटिक धरतात आणि तेच वाढत राहतात. बेसॉल्टचा, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा, लाव्हा सुमारे 1,100 ते 1,200 अंश सेल्सियसला बाहेर पडतो, पण त्यालाही हाच नियम.

आता दगडाकडे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि ताजा तुटलेला तुकडा शोधा. उन्हापावसात राहिलेल्या तपकिरी सालीवरून काही कळत नाही. रस्त्याच्या कामातली खडी चालेल. किल्ल्यावर किंवा लेण्यात दगड फोडू नका.

काळ्या बेसॉल्टमध्ये नुसत्या डोळ्यांना कण दिसत नाहीत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरला आणि हवेत लवकर थिजला, म्हणून. आपले पाटे-वरवंटे याच दगडाचे. उलट देगलूरकडच्या ग्रॅनाइटमध्ये गुलाबी-पांढरा फेल्स्पार, काचेसारखा क्वार्ट्झ आणि काळा अभ्रक वेगवेगळे मोजता येतात. तो जमिनीखाली खोलवर, वरच्या खडकांचं पांघरूण घेऊन निवला. त्याला किती वेळ मिळाला असेल, याचा विचार करत मी तो तुकडा बराच वेळ हातात धरून बसतो.

कधी एकाच दगडात दोन वेग सापडतात. कसारा घाटात असा बेसॉल्ट आहे, ज्याच्या बारीक काळ्या पिठात फेल्स्पारच्या काही सेंटिमीटर लांब पट्ट्या रुतलेल्या दिसतात. पट्ट्या खाली सावकाश वाढल्या. मग वितळलेल्या खडकाचा रस वर आला आणि उरलेला भाग भराभर थिजला. असा तुकडा मिळाला तर मोठे आणि बारीक कण वेगळे टिपून ठेवा.

इथे एक चूक हमखास होते, माझीही झाली होती. बेसॉल्टच्या पोकळ्यांत चमकणारे पांढरे, हिरवट स्फटिक पाहून मी वहीत लिहिलं, ‘सावकाश निवला.’ ते झिओलाइट आणि त्यांच्या सोबतची खनिजं. लाव्हातले वायूचे बुडबुडे आधी पोकळ्या करून गेले. नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने तिथे हे स्फटिक साचवले. म्हणून स्फटिक मोठा दिसला की आधी पाहा, तो खडकाच्या अंगात घट्ट विणलेला आहे की एखाद्या पोकळीच्या भिंतीवर बसलेला. निवण्याचा वेग पहिल्यावरूनच कळतो.