गेमचा स्क्रिप्ट एडिटर बनवताय? या चुका टाळा

गेली काही वर्षे रविवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी अभियांत्रिकीची दोन-तीन मुले लॅपटॉप घेऊन येतात. बहुतेकांना एकच काम करायचे असते. लहानपणी खेळलेल्या ‘पोकेमॉन एमराल्ड’ या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या खेळातली पात्रे काय बोलतात, कोणत्या अटीवर वस्तू देतात, वाट कधी अडवतात, हे सारे बदलता येईल असे टूल त्यांना स्वतः लिहायचे असते. खेळ २००४ साली जपानमध्ये आला, म्हणजे यातली काही मुले त्याच्याच वयाची आहेत. त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. मात्र दर वेळी त्याच चुका समोर येतात, आणि त्या एकदा सविस्तर लिहून ठेवल्या तर पुढच्यांचे महिने वाचतील असे वाटले.

खेळातली स्क्रिप्ट, म्हणजे पात्रांचे हे बोलणे-वागणे ठरवणाऱ्या सूचना, वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात साठवलेली नसते. ती बाइटांची रांग असते. एक बाइट कमांडचा, त्यामागे त्या कमांडला लागणारी माहिती, मग पुढची कमांड. टूलने ही रांग उलगडून माणसाला वाचता येईल अशी दाखवायची, बदल घ्यायचा आणि पुन्हा रांगेत बसवायची. हे करताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. वापरणाऱ्याने जे बदलायला सांगितले नाही, त्याला टूलने हात लावता कामा नये. खालच्या जवळपास सगळ्या चुका या आग्रहाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

पहिली चूक म्हणजे खिडकी, बटणे आणि रंगसंगती यांपासून सुरुवात करणे. एक स्क्रिप्ट वाचून ती जशीच्या तशी परत लिहिणारा, कमांड लाइनवर चालणारा शंभर ओळींचा प्रोग्राम हातात नसेल, तर खिडकी उघडूच नये.

न बदलता जतन करून पाहिले का?

माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेले आणि घरात जॅकार्डचे माग होते. जॅकार्ड चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पत्त्यांवरून विणली जाते. एका पत्त्यावर एक भोक चुकले, तर तो दोष नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत त्याच जागी उमटतो. म्हणून पत्त्यांचा नवा संच चढवला की वडील आधी वीतभर कापड विणत, उजेडात धरून बोटाने एकेक रेघ तपासत आणि मगच माग पूर्ण वेगाने सोडत. स्क्रिप्ट एडिटरची वीतभर चाचणी अशी की फाइल उघडावी, काहीही न बदलता जतन करावी आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट ताडून पाहावी. विंडोजमध्ये ‘एफसी /बी’ ही आज्ञा एवढ्यासाठी पुरते.

ही चाचणी खोटी पास होऊ शकते, हे मात्र लक्षात ठेवावे. टूल जर संपूर्ण फाइलची नक्कल करून फक्त बदललेला भाग लिहीत असेल, तर बदल नसताना ते काहीच लिहीत नाही आणि फाइल अर्थातच जुळते. खरी चाचणी घ्यायची असेल तर प्रत्येक स्क्रिप्ट मजकुरात उलगडून, त्या मजकुरावरूनच पुन्हा बाइट तयार करून, ते मूळ बाइटांशी जुळवून पाहावे लागते. एवढे करायचा बहुतेकांना कंटाळा येतो. मी मात्र ही चाचणी होईपर्यंत कोणाच्याही टूलचा पुढचा भाग पाहत नाही, कारण त्याआधी पाहिलेले सगळे वाया जाते.

याच चाचणीत कमांडांच्या लांबीचा तक्ता चुकलेला सापडतो. तो तक्ता दुसऱ्या खेळाच्या किंवा दुसऱ्या आवृत्तीच्या टूलमधून डोळे मिटून उचलू नये. एका कमांडची लांबी एका बाइटने चुकली की तिच्यामागची सगळी स्क्रिप्ट चुकीची वाचली जाते. एमराल्डचा संपूर्ण सोर्स ‘प्रेट’ या गटाने पुन्हा उभा केला आहे आणि त्यावरून मूळ खेळाशी बाइट-बाइट जुळणारी फाइल तयार होते. पडताळणीला याहून चांगला आधार नाही, तरीही मुले कोणीतरी कुठेतरी टाकलेल्या तक्त्यावर विसंबतात, याचे मला वाईट वाटते.

मोकळी जागा मोकळीच असते असे नाही

या चुकीवर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तिने आमचा एक अख्खा आठवडा खाल्ला. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एक विद्यार्थी त्याचे टूल घेऊन आला. संवाद लांबला की तो जुन्या जागेत मावत नाही, म्हणून त्याचे टूल फाइलमध्ये एफएफ (सोळाच्या पायातल्या, म्हणजे हेक्स अंकांत २५५) या बाइटाची लांब रांग शोधत असे आणि नवा संवाद तिथे ठेवत असे. पद्धत सर्रास वापरली जाते आणि मुळात चुकीची नाही. त्याने तीसेक संवाद बदलले होते. प्रत्येक बदलानंतर एम्युलेटरमध्ये (संगणकावर हा खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) जाऊन तो संवाद वाचून पाहिला होता, आणि सगळे नीट दिसत होते. त्याने फाइल मित्रांना दिली. आठवड्याभराने एका मित्राचा निरोप आला की एका गावातला म्हातारा आपले बोलणे संपवतच नाही. वाक्य पूर्ण होते, पूर्णविराम येतो आणि त्याला लागूनच दुसऱ्या गावातल्या परिचारिकेचे शब्द सुरू होतात, ते चौकटीच्या उजव्या कडेबाहेर जातात.

विद्यार्थ्याला वाटले पॉइंटर, म्हणजे संवाद फाइलमध्ये कुठे आहे हे सांगणारा पत्ता, चुकला. आम्ही पॉइंटर तपासले, ते बरोबर होते. कमांड तपासल्या, त्याही बरोबर होत्या. रात्री दोनच्या सुमारास फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये म्हाताऱ्याच्या संवादाचा शेवट मी एकेक बाइट मोठ्याने वाचू लागलो. या खेळाच्या अक्षरतक्त्यात पूर्णविरामाचा बाइट एडी आहे, आणि संवाद संपल्याची खूण एफएफ आहे. एडी होता. त्यानंतर एफएफ नव्हता, थेट पुढच्या संवादाचे पहिले अक्षर होते.

कारण तेव्हा कळले. मोकळ्या जागेची खूण एफएफ आणि संवाद संपल्याची खूणही एफएफच. टूल जेव्हा पुढच्या संवादासाठी जागा शोधत असे, तेव्हा आधीच्या संवादाचा शेवटचा एफएफ त्याला मोकळ्या रांगेचा पहिला बाइट वाटे, आणि ते तिथूनच लिहायला सुरुवात करी. म्हणजे प्रत्येक नवा संवाद आधीच्या संवादाची समाप्तीची खूण पुसत होता. तो मुलगा दर वेळी नुकताच बदललेला संवाद तपासत असे, आणि नुकताच बदललेला संवाद नेहमीच बरोबर असे. बिघडलेला असे तो त्याच्या आधीचा.

यावर माझी सवय अशी आहे. मी रांगेतला पहिला एफएफ कधीच घेत नाही. तो सोडून पुढे जातो आणि मग सोळाच्या पटीतल्या पहिल्या पत्त्यावर लिहायला सुरुवात करतो. नुसते सोळाच्या पटीत जाणे पुरत नाही, कारण समाप्तीची खूण नेमकी त्याच पत्त्यावर असू शकते. शिवाय टूलने कोणती जागा कोणाला दिली, याची नोंदवही मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि फाइलमधल्या एफएफवरून जागेचा अंदाज बांधायचे टाळतो, कारण चित्रांच्या माहितीतही एफएफच्या रांगा असतात.

जुनी जागा पुसून ‘मोकळी’ करण्याचा मोहही टाळावा. मूळ फाइल १६ एमबीची आहे आणि गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला ३२ एमबीपर्यंतची फाइल चालते. चाळीस अक्षरांच्या संवादासाठी काटकसर करण्यात काही अर्थ नाही, आणि जुन्या जागेकडे बोट दाखवणारा आणखी एखादा पॉइंटर राहिला असेल तर पुसलेली जागा खेळ बंद पाडते.

पॉइंटर सुटून राहतात ते बहुधा घाईच्या शोधामुळे. खेळाची फाइल यंत्राच्या स्मृतीत ०८०००००० या पत्त्यापासून दिसते आणि पत्ता उलट्या क्रमाने लिहिला जातो, म्हणून फाइलमधल्या १२३४५६ या हेक्स जागेकडे नेणारा पॉइंटर ५६ ३४ १२ ०८ असा सापडतो. कोष्टकांमधले पॉइंटर चारच्या पटीतल्या जागांवर असतात, हे वाचून मुले शोधही दर चौथ्या बाइटवरच लावतात. स्क्रिप्टमध्ये तसे नसते. संवादाचा पॉइंटर ०एफ ही कमांड आणि एक शून्य बाइट यांच्या मागे येतो, त्यामुळे तो कोणत्याही जागेवर पडू शकतो. शोध प्रत्येक बाइटपासून घ्यावा. फाइल १६ एमबीच्या पुढे वाढवली असेल तर पॉइंटरचा शेवटचा बाइट ०९ असतो, तोही धरावा. आणि सापडलेले सगळे आपोआप बदलू नयेत, कारण चित्रात किंवा संगीतात तेच चार बाइट योगायोगाने येऊ शकतात. माझे टूल ज्या जागेचा अर्थ त्याला ठाऊक आहे तीच बदलते, उरलेल्या जागा यादीत दाखवून विचारते.

ओळखू न आलेल्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवून तेच परत लिहू नये. तो बाइट कंसात हेक्स अंकांनी दाखवावा आणि तसाच परत ठेवावा.

मराठी अक्षरे

खेळात मराठी संवाद घालायची इच्छा प्रत्येकाला असते, मलाही होती. इथे पहिली चूक लांबी मोजण्याची होते. ‘सोलापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये तो सात चिन्हांचा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा. टूल यांपैकी काय मोजते हे ठरलेले नसेल, तर संवाद कुठेतरी मध्येच तुटतो. खेळाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या तक्त्यात एका बाइटला एक आकृती असते आणि तो त्या डावीकडून उजवीकडे मांडत जातो. त्यामुळे जोडाक्षरांच्या आकृत्या स्वतः काढून तक्त्यात बसवाव्या लागतात. ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर येते पण दिसते आधी, म्हणून ती लिहिताना पुढे आणावी लागते. ‘स्थिती’ या शब्दात ती नुसत्या ‘थ’च्या आधी आणून भागत नाही, संपूर्ण ‘स्थ’च्या आधी आणावी लागते.

मुले काय करतात, तर एडिटरमध्येच वेलांटी आधी टंकतात, म्हणजे खेळात बरोबर दिसते. हा आडमार्ग मला अजिबात मान्य नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षे असाच दिसण्यापुरता मजकूर साठवला, आणि आज त्यात एक शब्द शोधायचा म्हटले तरी आधी सगळा मजकूर रूपांतरित करावा लागतो. संवाद शुद्ध युनिकोडमध्येच ठेवावेत, आणि क्रमाची अदलाबदल टूलने बाइट लिहिण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर करावी.

जतन करताना लाईट गेली तर

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात लाईट जाणे नवे नाही. टूल जर उघडलेल्या फाइलवरच थेट लिहीत असेल, तर त्या क्षणी अर्धी फाइल उरते. माझ्या डेस्कटॉपवर एकदा असेच झाले आणि दोन महिन्यांचे बदल गेले, कारण बॅकअपही त्याच टूलने त्याच क्षणी नवा केला होता. तेव्हापासून मी शेजारी तात्पुरती फाइल लिहितो, ती पुन्हा वाचून तपासतो आणि मगच तिला मूळ नाव देतो. पायथनमध्ये यासाठी ‘ओएस.रिप्लेस’ आहे. मूळ खेळाची फाइल तर मी फक्त वाचण्यापुरती खुली ठेवतो. तिच्यावर लिहायची सोयच टूलमध्ये नाही.

वाटताना खेळाची फाइल कधीही टूलसोबत देऊ नये. खेळ आपला नाही, स्वामित्वहक्क त्याच्या निर्मात्यांचा आहे. फक्त फरकाची पॅच फाइल द्यावी. आयपीएस हा जुना प्रकार सोपा म्हणून सगळे तोच निवडतात, पण त्यात जागेचा पत्ता २४ बिटांचा असल्यामुळे १६ एमबीच्या पुढचे बदल त्यात मावत नाहीत, आणि पॅच योग्य फाइलला लागते आहे का हे तो तपासत नाही. बीपीएस प्रकारात मूळ आणि तयार अशा दोन्ही फाइलींची पडताळणी-संख्या असते. चुकीची आवृत्ती दिली की पॅच लागतच नाही आणि वापरणाऱ्याला तिथल्या तिथे कळते. मी माझ्या टूलमधून आयपीएसचा पर्याय काढून टाकला आहे, आणि कोणी कितीही विनवले तरी तो परत घालणार नाही.