वाळवंटातली बस सहल: खिडकी कोणत्या बाजूची?

गाइडेड बस सहलीचं बुकिंग करताना खिडकी सगळेच मागतात, बाजू मात्र फारसं कोणी विचारत नाही. वाळवंटात तिथेच अर्धी सहल ठरते. सकाळी बस उत्तरेकडे निघणार असेल तर ऊन उजवीकडून येईल, म्हणून डावीकडची खिडकी घ्या. दक्षिणेकडे निघणार असेल तर उजवीकडची. दुपारनंतर सगळं उलट. नाहीतर पैसे भरायचे वाळवंटासाठी आणि दिवसभर बघायचा ओढलेला पडदा!

वाळूच्या टेकड्यांचे कंगोरे तिरप्या उन्हातच उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट वाटतं. डुलकी काढायची तर तेव्हा काढा.

फोटो घेताना मोबाइल काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका, बसची थरथर फोटोत उतरते. कपडे गडद रंगाचे घाला, पांढरा शर्ट काचेत लख्ख उमटतो. मागच्या चाकावरची सीट शक्यतो टाळा, गचके तिथे जास्त.

आणि पाणी. कोरड्या हवेत घाम आल्या आल्या उडून जातो, एसीत तर तहानही जाणवत नाही. तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहा.