सोलापूरहून पुण्या-मुंबईत बाळ सांभाळायला जाताय? आधी रात्रीचं ठरवा

चोवीस तासांच्या कामाला निघालेल्या बाईला गल्लीतून एक सल्ला हमखास मिळतो: "घरच्यासारखं राहा, सगळं नीट होतं." तो ऐकून सोडून द्या. घरच्या बाईला पगार नसतो, सुट्टी नसते आणि तिच्या झोपेचा हिशोब कुणी ठेवत नाही. तुम्ही कामाला चालला आहात. बाळाला जीव लावा, लावलाच पाहिजे, पण कामाचे तास ठरवून.

सोलापुरातल्या बऱ्याच बायकांना इथंच अडचण येते. विड्या वळणाऱ्या बाईला आपला दिवस कुठं संपतो ते ठाऊक असतं. हजाराचा हिशोब झाला, कारखान्यात माल दिला की ती सुटली. युनिफॉर्म शिवणारीला नग मोजता येतात. बाळाच्या कामाला नग नाही. म्हणून ते मोजायचं कसं, हे पहिल्या दिवसाच्या आधी ठरवावं लागतं.

निघण्याआधी

आधार, बँकेचं पासबुक, चार फोटो. मूळ आधार कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही, ना ब्युरोच्या (म्हणजे कामाला बाई लावून देणारी एजन्सी) ना घरमालकांच्या. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करा. पोलिस पडताळणीचा फॉर्म भरायला लागला तर वाईट वाटून घेऊ नका, मोठ्या सोसायट्यांत तो सगळ्यांनाच भरावा लागतो. ब्युरोमार्फत जात असाल तर दोन गोष्टी लिहून मागा: कमिशन कुणाच्या खिशातून जाणार, आणि घर जमलं नाही तर दुसरं घर किती दिवसांत देणार. पगार थेट तुमच्या खात्यावर यायला हवा. 'आमच्याकडे जमा होऊ द्या, आम्ही देतो' म्हणणारा ब्युरो नको.

मिश्री लावत असाल तर ती जायच्या निदान तीन आठवडे आधी सोडा. बाळाच्या तोंडात तुमचं बोट जातं, आणि तंबाखूचा अंश लहान बाळाला विषासारखा बाधतो. सोडल्यावर पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, शौचाला साफ होत नाही. ते दिवस सोलापुरात काढलेले बरे, परक्या घरात नव्हे.

पुण्याला जायचं असेल तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरा. रात्रीची सिद्धेश्वर मुंबईसाठी चांगली, पण ती पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर पोचते. सामान घेऊन त्या वेळी नवख्या बाईनं स्टेशनबाहेर पडू नये.

रात्र कुणाची?

बहुतेक घरं इथंच मोडतात. पगारावरून मोडणारी त्या मानानं थोडी.

तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं, म्हणजे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. त्यातल्या तीन-चार वेळा रात्री येतात. प्रत्येक वेळी उठवणं, पाजणं, ढेकर काढणं, लंगोट किंवा डायपर बदलणं, परत झोपवणं, यात पाऊण ते एक तास जातो. बोलणी होताना आई-वडील म्हणतात, 'रात्री फक्त एक-दोनदा उठावं लागेल.' ते खोटं बोलत नसतात, पहिलंच बाळ असेल तर त्यांनाही कल्पना नसते. म्हणून हिशोब तुम्ही मांडायचा.

'बाळ झोपलं की तुम्हीही झोपा' हा तर सगळ्यात निकामी सल्ला. बाळाची दिवसाची झोप कितीदा तरी पाऊण तासात मोडते. तेवढ्यात बाटल्या धुवायच्या, उकळायच्या, कपडे वाळत घालायचे, स्वतः जेवायचं, आणि पाठ टेकली की बाळ उठतं. अशा तुकड्यांची बेरीज सात तास झाली तरी शरीर ती झोप धरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी हात जड होतात, आठव्या दिवशी आपण किती चमचे पावडर टाकली ते आठवेनासं होतं.

म्हणून मागणी अशी ठेवा: चोवीस तासांत सात ते आठ तास झोप, त्यातली निदान पाच तास सलग, आणि त्या पाच तासांत बाळाची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी. ती बसवण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली, रात्र तुमची. मग सकाळी सात ते बारा तुम्ही दार लावून झोपणार. त्या वेळेत 'जरा पाच मिनिटं बाळाला धरा' चालणार नाही, कारण पाच मिनिटांनी झोप मोडते ती मोडतेच. दुसरी, रात्र आईची. दहा ते सहा तुम्ही वेगळ्या खोलीत, आणि पहाटे सहाला बाळ तुमच्याकडे. तिसरी, रात्रीचे दोन भाग. नऊ ते दोन एकानं, दोन ते सात दुसऱ्यानं. आई अंगावर पाजत असेल तर तिसरी रीत उत्तम. बाबांना त्यात ओढायला लाजू नका, ढेकर काढणं आणि डायपर बदलणं त्यांनाही जमतं. चौथी रीत म्हणजे 'बघू, जसं जमेल तसं'. तिला सरळ नाही म्हणा. 'जसं जमेल तसं'चा अर्थ पंधरा दिवसांत 'मावशी आहेत ना' असाच होतो.

हे बोलायचं कसं, याचं बायकांना फार दडपण येतं. मालकिणीसमोर झोपेचं बोलणं म्हणजे कामचुकारपणा, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. दडपण बाजूला ठेवून, काम स्वीकारण्याच्या फोनवरच एवढंच म्हणा: "ताई, रात्र माझ्याकडे असेल तर सकाळी सात ते बारा मी झोपणार. झोप झाली नाही तर बाळाच्या दुधात माझी चूक होईल, म्हणून आधीच सांगते." मग तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर आवाजी संदेश पाठवा. त्यावर 'हो' आलं की मगच तिकीट काढा. एकदा बाळ मांडीवर आलं की हे बोलणं दहापट अवघड होतं, कारण तोपर्यंत तुमचाही जीव गुंतलेला असतो.

झोपायची जागा व्हिडिओ कॉलवर बघून घ्या. हॉलमधल्या सोफ्यावर झोपणारी बाई घरातलं शेवटचं माणूस झोपेपर्यंत जागी असते आणि पहिलं माणूस उठलं की उठते. स्वतःची गादी हवी, आणि पाच तास बंद राहील असं दार हवं. त्या खोलीत आणि बाथरूममध्ये कॅमेरा आहे का, हेही तेव्हाच विचारा. बाळाच्या खोलीत कॅमेरा असायला हरकत नाही. कपडे बदलण्याच्या जागी तो चालणार नाही.

आणि एक धोका नीट लक्षात ठेवा: बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डुलकी लागणं. बाळ फटीत सरकतं, तोंड दाबलं जातं आणि तुम्हाला जागही येत नाही. डोळे मिटायला लागले की बाळ रडत असलं तरी पाळण्यात किंवा कॉटवर उताणं ठेवा आणि दुसऱ्याला उठवा. आई रागावेल म्हणून जागं राहण्याची पैज मारू नका.

ठरलेलं पाळलं जातंय का, हे पंधराव्या दिवशी वहीतून बघा. वहीत चार रकाने: वेळ, किती मिली प्यायलं, शी-शू, औषध. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला झाला तर दूध पुरतंय असं समजा. त्याच वहीच्या मागच्या पानावर तुमची झोप लिहा. 'मला झोप मिळत नाही' यावर वाद होतो, 'मंगळवारी तीन तास, बुधवारी साडेतीन' यावर होत नाही.

दूध आणि औषध

पावडरचं दूध: आधी पाणी मोजून, मग पावडर. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत ३० मिलीला एक सपाट चमचा असतो, तरी नवा डबा उघडला की मागचं वाचा, आणि चमचा त्याच डब्यातला वापरा. घट्ट केलं तर बाळाला शी कडक होते आणि अंगातलं पाणी कमी पडतं, पातळ केलं तर वजन वाढत नाही. चमचे टाकताना मोठ्यानं मोजा. मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला तर दूध ओतून द्या. उष्टं दूध पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरानं टाकायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

आईचं काढून ठेवलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये आत (दारात नाही) चार दिवस टिकतं. उन्हाळ्यात किंवा एसी नसलेल्या घरात ते लगेच फ्रिजमध्ये टाका. बाटलीवर तारीख-वेळ हवीच. गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्हमध्ये नाही. त्यात मधला भाग उकळता होतो आणि बाटली बाहेरून थंड लागते.

तापाच्या औषधात मोठी गल्लत होते. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एकच नाहीत. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, काहींत २५०. 'पाच मिली द्या' हे सिरपबद्दल सांगितलेलं आणि हातात थेंबांची बाटली आली, तर डोस दुप्पट ते चौपट होतो. म्हणून आईनं बाटलीचा फोटो आणि मिलीचा आकडा पाठवल्याशिवाय औषध नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर औषधाचा विचारच करू नका, लगेच डॉक्टर.

आपल्याकडची रीत, त्यांच्याकडची रीत

तुम्ही दोन-तीन लेकरं वाढवली असतील. तरी गुटी, काजळ, नाका-कानात तेल, धुरी, मोहरीची उशी, बोटावर मध हे सगळं सोलापुरातच ठेवून जा. यात मन दुखण्यासारखं काही नाही, बालरोगतज्ज्ञ आता हेच सांगतात. एक वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही, झोपवताना उताणं आणि डोक्याखाली काही नाही. ताईंच्या सासूबाई एक सांगतात आणि ताई दुसरं, असं रोज होईल. मध्ये पडू नका. "डॉक्टरांना विचारून जे ठरेल ते मी करते" एवढंच बोला, आणि ठरेपर्यंत नवं काही करू नका.

मालिश, बाळाला हाताळणं, रडण्याचा सूर ओळखणं यांत मात्र तुमचा हात वरचढ असतो. तिथं बिनधास्त बोला.

जेवण

पहिल्या दहा दिवसांसाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या, दोन्ही टिकतात. पण घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, ते डबा उघडण्याआधी विचारा. चटणी खाल्ल्यावर हात साबणानं दोनदा धुवा, तिखट बोट बाळाच्या डोळ्यात गेलं तर घर डोक्यावर घेतं. घरात मोठं भावंड असेल तर त्याला अख्खा शेंगदाणा देऊ नका, पाच वर्षांच्या आत तो श्वासनलिकेत अडकू शकतो. ज्वारीचं पीठ मागायला लाजू नका, महिनाभर नुसत्या ब्रेडवर राहून अंगात ताकद राहत नाही.

सुट्टी, फोन आणि वरकाम

बाळाचे कपडे, बाटल्या, बाळाची खोली ही तुमची कामं. पाहुण्यांची भांडी नाहीत. एकदा घासलीत की ती तुमची झाली.

महिन्याच्या चार सुट्ट्या एकत्र मागा, तरच सोलापूरला येऊन जाता येतं. गड्ड्याची जत्रा पुण्या-मुंबईच्या घरांना माहीत नसते, तेव्हा संक्रांतीच्या सुट्टीचं दिवाळीतच सांगून ठेवा. आणि स्वतःची लेकरं सोलापुरात आजीकडे असतील तर त्यांच्या फोनची वेळ कामाच्या अटीत घाला. रोज रात्री आठ ते सव्वाआठ, बाळ दुसऱ्याकडे. अधूनमधून चोरून केलेल्या फोननं लेकरंही रडतात आणि तुम्हीही. ठरलेल्या वेळेची त्यांना सवय होते.

त्रास झाला तर

पगार अडवला, डांबून ठेवलं, अंगावर हात टाकला तर 'बघू, समजावून सांगू' नको. ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची असते. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्यानं कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या बाईला कामगार कार्यालयातून त्यात नोंदणी करता येते. गरज पडायच्या आधी ती करून ठेवा.

काम सोडताना

महिनाभर आधी सांगा आणि शेवटचा आठवडा नव्या बाईबरोबर काढा. पहिले तीन दिवस बाळ तुमच्या हातात आणि ती बघणार, पुढचे तीन दिवस बाळ तिच्या हातात आणि तुम्ही खोलीत, सातव्या दिवशी तुम्ही खोलीबाहेर. बाळाला न सांगता, ते झोपलेलं असताना निघून जायचा सल्ला बरेच जण देतात. तो चुकीचा आहे. वर्षाच्या वरचं बाळ जागं झाल्यावर दिवसभर दारांमागं शोधत फिरतं, आणि नव्या बाईला जवळ येऊ देत नाही. त्याच्यासमोर टाटा करून निघा, रडलं तरी. निघण्याआधी कामाचं पत्र मागा. त्यात काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, तेव्हा बाळ किती महिन्यांचं होतं आणि रात्र कुणाकडे होती, हे लिहून घ्या. पुढच्या घरी झोपेचं बोलताना हाच कागद पुढं करायचा.